स्वस्त आनंदाचा जमाखर्च

मराठी आठवणीपर लेखनात एक वाक्य इतक्या वेळा भेटते, की ते मूळचे कोणाचे हे विचारायचे आपण सोडून दिले आहे. ‘घरात पैसा नव्हता, पण आनंद होता’ हे ते वाक्य. त्यापाठोपाठ येतात दिवाळीतला मातीचा किल्ला, गच्चीवरचे चांदण्यातले जेवण, मे महिन्यातले आजोळ आणि कागदाच्या पुडीतली भेळ. लेखक साठीच्या आसपास असतो, त्याचे आईवडील हयात नसतात, आणि आजच्या मुलांना महागड्या वस्तूंनीही असे सुख लाभत नाही अशी खंत व्यक्त करून लेख संपतो. दिवाळी अंकांच्या वाचकाला हा साचा तोंडपाठ आहे.

हे वाक्य खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्यातले ‘पण’ हे अव्यय इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. पैशावाचून आनंद झाला म्हणजे तो फुकट झाला असे होत नाही. त्याचा खर्च कोणीतरी दुसऱ्या कशात तरी भरलेला असतो, कधी वेळात, कधी कष्टांत, तर कधी गावाने मिळून उभारलेल्या एखाद्या जागेत. विसाव्या शतकातल्या मराठी कुटुंबाचा विचार केला, तर हा खर्च भरणारे तिघे जण स्पष्ट दिसतात: सार्वजनिक संस्था, शेजार आणि घरातली आई. या तिघांची नोंद आपल्या साहित्यात कितपत झाली आणि कुठे राहून गेली, हे पाहण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

पहिली अडचण साधनांचीच आहे. आठवण लिहिणारा बहुतेक वेळा मुलगा असतो आणि हिशेब ठेवणारे आईबाप असतात. मुलाला नवा सदरा आठवतो. तो सदरा कोणत्या महिन्याच्या वाणसामानातून वाचवला होता, हे त्याला तेव्हा ठाऊक नसते आणि पुढे ते जाणून घेण्याचे साधनही उरत नाही. वाण्याची वही आणि घरातली खर्चाची वही रद्दीत जाते. आठवण मात्र पुस्तकात राहते.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ या बाबतीत अपवाद म्हणावी लागेल. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण अश्रूंचे पुस्तक म्हणून वाचतो. तरीही ते कुटुंबाच्या अर्थशास्त्राचेही पुस्तक आहे. त्यातल्या ‘आनंदाची दिवाळी’ या प्रकरणात आई भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे स्वतःसाठी न ठेवता पतीसाठी धोतर आणवते, कारण त्याचे धोतर फाटलेले आहे. सण साजरा झाला, घरात हसू उमटले. पण त्यासाठी लागलेली रक्कम कुठून आली हे वाचकाला नेमके कळते. स्त्रीच्या हाती वर्षातून एखाद्या वेळी येणारी, जिच्यावर तिचा स्वतःचा हक्क आहे अशी ती रक्कम आहे. गुरुजी तिचा त्याग गातात, हे खरेच. पण त्याचबरोबर ते हिशेबही लपवत नाहीत. मराठीतल्या असंख्य पुढील आठवणींत त्याग उरला आणि हिशेब गळाला.

त्याच पुस्तकात ‘श्यामचे पोहणे’ आहे. घाबरणाऱ्या श्यामला आई आग्रहाने विहिरीवर पाठवते. या खेळाला पैसा लागत नाही. लागते ती विहीर, शिकवणारी शेजारची मोठी माणसे आणि मुलाला त्यांच्यावर सोपवण्याइतका विश्वास. स्वस्त आनंदाची जवळजवळ सर्व सामग्री या एका प्रसंगात आहे. त्या विहिरीवर कोणाला उतरता येत होते, हा प्रश्न मात्र तेथे विचारलेला नाही. त्याकडे पुढे यावे लागेल.

गावातल्या कर्जबाजारी घरापेक्षा शहरातल्या कारकुनाच्या घराची गोष्ट वेगळी होती. त्याला महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळे. ‘महिनाअखेर’ हा शब्द मराठी मनात रुजला तो या वर्गामुळे. पहिल्या आठवड्यात मुलांना खाऊ आणि शेवटच्या आठवड्यात उसनवारी, अशी आनंदाचीही एक दिनदर्शिका तयार झाली. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा या वर्गाचा विनोदी इतिहासकार आहे. काऊ, मोरू, मैना, राघू आणि जोडीला गुंड्याभाऊ असा त्याचा संसार. चिमणरावाच्या घरात हौस भरपूर आहे आणि ऐपत बेताची आहे. त्या दोहोंमधले अंतर कल्पकतेने भरून काढण्याचा खटाटोप म्हणजे त्या कथा. विनोदाच्या पडद्याआड चिं. वि. एक गंभीर गोष्ट सांगून जातात. बापाचा मान हा घरच्यांना मौज करता येईल इतपत मिळकत असण्याशी जोडलेला होता, आणि ती मिळकत नेहमीच थोडी कमी पडत होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आला, तेव्हा पन्नास वर्षांमागचा हा कारकून नव्या प्रेक्षकांना जुना वाटला नाही, यातच सर्व आले.

या कारकुनाने मुलांना रविवारी न्यायचे कुठे? या प्रश्नाला मुंबईत एक उत्तर होते राणीची बाग. १८६२ साली सुरू झालेल्या या बागेत पुढे १८९० मध्ये प्राणिसंग्रहालयाची भर पडली. घरून दशम्या, पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी घ्यायची, झाडाखाली सतरंजी पसरायची आणि हत्ती पाहून परतायचे. ही सहल आईवडिलांच्या कल्पकतेची खूण म्हणून आठवली जाते. परंतु बागेची झाडे, माळ्यांचे पगार आणि प्राण्यांचे खाणे यांचा खर्च महापालिका करत होती, म्हणून ती सहल कारकुनाला परवडत होती. बागेपर्यंतच्या प्रवासाचेही तसेच. १८७४ पासून १९६४ पर्यंत धावलेल्या ट्रामने कित्येक मुलांना शहर दाखवले. पुढे दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा ही स्वतंत्र मौज ठरली. त्या जागेचे तिकीट खालच्या जागेइतकेच होते, हे मुलांना कोणी शिकवावे लागले नाही.

वाचनाचीही गोष्ट अशीच आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू केले. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. नोव्हेंबर १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ काढले. एक अंक घरात आला की तो भावंडांत, मग मजल्यावर, मग शाळेत फिरे. विकत घेणे ज्यांना जमत नसे त्यांच्यासाठी वाचनालये होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा संस्थांना शासकीय अनुदानाची चौकट मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाने पन्नास पुस्तके वाचली असे कोणी अभिमानाने लिहितो, तेव्हा त्यामागे वाचनालयाच्या कपाटासमोर बसलेला, अल्प पगारावरचा एक ग्रंथपालही असतो. त्याचे नाव क्वचितच कोणाच्या लक्षात राहते.

आणि आजोळ? ‘मामाचा गाव’ ही मराठी बालपणाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांबलचक सहल. ती शक्य झाली रेल्वेमुळे, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एस.टी.मुळे. पोराबाळांसह पूर्ण कुटुंबाला प्रवास करता येई तो ‘हाफ तिकिटा’च्या आधारावर. मूल जागा व्यापते, पण कमावत नाही, म्हणून त्याच्याकडून निम्मेच घ्यावे, असा एक सामाजिक करार त्या छोट्या कागदावर छापलेला होता. आईवडिलांच्या काटकसरीचे कौतुक करताना या कराराचा उल्लेख आपण विसरतो.

मुलांच्या खेळाचा विचार सार्वजनिक पातळीवर किती गांभीर्याने करता येतो, याचे उदाहरण मुंबईपासून फार दूर नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, बालशिक्षणाचे काम उभे केले. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधने आदिवासी पाड्यांत परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, खडे, शंखशिंपले, पाने आणि माती आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असा विचार तेथे रुजला. स्वस्त खेळणे म्हणजे कमी दर्जाचे खेळणे नव्हे, हे कोसबाडच्या टेकडीवर सिद्ध झाले. पण ते आपोआप झाले नाही. प्रशिक्षित माणसांनी त्यासाठी आयुष्यभराचे काम दिले. गरीब आईबापांना ‘घरच्या वस्तूंतून खेळणी करा’ असे नुसते सांगून ते साधले नसते.

खर्च भरणारा दुसरा घटक शेजार. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. चाळीतल्या उत्सवाचा आर्थिक पाया म्हणजे वर्गणी. प्रत्येक बिऱ्हाडाने ऐपतीप्रमाणे थोडे द्यायचे आणि दहा दिवस सर्वांच्या मुलांनी नाटुकली, गाणी, व्याख्याने, आरत्या आणि खिरापत यांचा लाभ घ्यायचा. एका कुटुंबाला जे कधीच परवडले नसते ते चाळीस कुटुंबांना सहज जमे. मुलांवर लक्ष ठेवण्याचे कामही असेच वाटून घेतले जाई. सामायिक गॅलरीत खेळणाऱ्या मुलावर कोणाची ना कोणाची नजर असे. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर एका खोलीतला संच सबंध मजल्याचा होऊन गेला, तो याच सवयीमुळे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मध्ये चाळकऱ्यांच्या ‘भ्रमणमंडळा’ची हकीकत आहे. पुण्यापर्यंतच्या प्रवासाचा जो थाट तेथे मांडला जातो, त्यात या सामूहिक मौजेची सगळी गंमत आणि सगळी कटकट एकवटली आहे. पुलंनी कटकट वगळली नाही, हे महत्त्वाचे. शेजार म्हणजे आधार आणि शेजार म्हणजे पाळत, हे दोन्ही त्यांना दिसत होते. चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या कुटुंबांना खाजगीपणा मिळाला, आणि तो हवाच होता. मात्र त्याबरोबर मुलांच्या मौजेचा जो खर्च चाळीस घरांत विभागला जात होता, तो एका घरावर आला.

येथे विहिरीच्या प्रश्नाकडे परत येऊ. सार्वजनिक जागा खरोखर सार्वजनिक होत्या काय? मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, तो सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्यासाठी. तसा ठराव करावा लागला, यातूनच परिस्थिती स्पष्ट होते. ठराव असूनही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्कावरून संघर्ष झाला, आणि प्रबोधनकार ठाकरे त्यात अग्रभागी होते. वर्गणी सार्वजनिक, पण गाभारा नव्हे, असा तो पेच होता. तेव्हा ‘पैसा नव्हता, पण आनंद होता’ या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. ज्याला गावाची विहीर, देवळाचे अंगण आणि उत्सवाचा मांडव मोकळा होता, त्यालाच ते वाक्य निर्धास्तपणे लिहिता आले.

गिरणगावात तर कुटुंब एकत्र असणे हीच चैन होती. कोकणातून किंवा घाटावरून आलेला कामगार अनेकदा एकटाच राही. गाववाल्यांच्या खोलीत पथारी आणि खानावळीत जेवण. बायकामुले गावी असत. मुलांबरोबर घालवण्याचा काळ म्हणजे गणपतीचे किंवा शिमग्याचे दिवस आणि जाण्यायेण्याचा प्रवास. आजही गणपतीला कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांना जी गर्दी होते, तिच्यामागे ही वर्षभराची ताटातूट आहे. त्या घरांतल्या मुलांच्या दृष्टीने वडील हेच सणाला येणारे पाहुणे होते. अशा बापाने आणलेल्या मिठाईच्या पुड्याचे मोल पैशात सांगता येणार नाही, हे खरे. पण बाप वर्षातून पंधरा दिवसच भेटावा, हे मोल कोणी ठरवले, तेही विचारले पाहिजे.

तिसरा घटक आई. तिचे काम सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी मोजले जाते. दिवाळीचा फराळ घरी केला की स्वस्त पडतो, असे आपण म्हणतो. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवणे, भाजणी भाजणे, चकल्यांसाठी रात्री जागणे, हे सारे बिनमोल धरले तरच तो स्वस्त पडतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) पदार्थांचे माप वाटी-चमच्यात दिले आणि अनेक घरांतल्या नवख्या गृहिणींना आधार मिळाला. जिन्नसाचे माप असे मिळाले. वेळेचे माप मात्र कोणत्याच पाककृतीत लिहिलेले नसते. जुन्या लुगड्यांची गोधडी, मोठ्याच्या सदऱ्यातून धाकट्याचा सदरा, सहलीचा डबा, सुट्टीत आलेल्या दहा भाचरांचे जेवण, या साऱ्यांतून जी बचत झाली ती तिच्या विश्रांतीतून झाली. मुलांची सुट्टी सुरू झाली की तिचे काम वाढत असे.

म्हणूनच लेखणी स्वतः आईच्या हाती आली की चित्र बदलते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. टिळक कवी, उदार आणि व्यवहारात बेफिकीर. त्यांच्या औदार्याने घरात जी तारांबळ उडे, ती लक्ष्मीबाई कुरकुर न करता पण काहीही न झाकता सांगतात. त्या घरात हसणे भरपूर आहे. ते हसणे ओढगस्तीतून वाट काढणाऱ्या बाईचे आहे, म्हणून त्याला वजन आहे. एखाद्या मुलाने लिहिलेल्या आठवणींत हेच प्रसंग ‘आमचे आनंदी घर’ या मथळ्याखाली गेले असते.

या वाटेवरचे पुढचे मोठे पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). आयदाने म्हणजे बांबूपासून विणलेली सुपे, टोपल्या. कोकणातल्या या घरात आई सतत विणत असते. त्या विणण्यावर घर चालते. मध्यमवर्गीय आठवणींत आईचे हात वात्सल्याचे प्रतीक होऊन येतात. येथे ते हात कामाचे आहेत, आणि लेखिकेने त्या कामालाच पुस्तकाचे शीर्षक केले आहे. स्वतःच्या लेखनाचा धागाही ती त्या विणकामाशी जोडते. मराठी गद्यात जमाखर्चाची जी बाजू कोरी राहिली होती, ती दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी भरली असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

हा इतिहास आज का आठवावा? कारण कमी खर्चात मुलांना आनंद कसा द्यावा, हा प्रश्न आता पूर्णपणे आईवडिलांच्या हुशारीचा मानला जाऊ लागला आहे. जमले तर ते आदर्श पालक, न जमले तर तुमचेच नियोजन चुकले. दरम्यान हुशारीला ज्यांचा आधार होता त्या गोष्टी एकेक करून बदलल्या. एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने नियम बदलला; पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे आकारले जाऊ लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये राणीच्या बागेचे प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, आणि आईवडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपये ठरले. या दोन्ही निर्णयांना त्यांची कारणे होती. बागेत नव्या सोयी झाल्या, पेंग्विन आले, आणि ते सांभाळायला पैसा लागतो. तरी त्या दरपत्रकाची रचना लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. कुटुंब म्हणजे चौघे, अशी व्याख्या तेथे छापली गेली. तिसरे मूल किंवा शेजारच्या बिऱ्हाडातली, आपल्या मुलांबरोबर सहज निघालेली दोन पोरे त्या व्याख्येत बसत नाहीत. जुन्या सहलीत तीच तर मोठ्या संख्येने असत.

वर्गात ‘श्यामची आई’ किंवा एखादा आठवणीपर ललित लेख शिकवताना एक साधा स्वाध्याय देता येईल. लेखातला सर्वांत सुखाचा प्रसंग निवडावा आणि वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे त्या दिवशी मुलांना काय मिळाले ते लिहावे. उजवीकडे जागा कोणाची होती, ती कोणाच्या पैशाने राखली जात होती, कोणाला तेथे मज्जाव होता, पहाटे कोण उठले आणि कोण शेवटी जेवले, हे लिहावे. काही रकाने लेखातून भरता येतील. काही रिकामे राहतील. ते भरण्यासाठी विद्यार्थ्याने घरी जाऊन आजीला विचारावे. तिने अजून लिहिलेले नसले तरी हिशेब तिच्या लक्षात असतो.